डाव्या हाताच्या माशा

आई अमरावतीहून व्हिडिओ कॉलवर होती. नातीचं सॉफ्टबॉलचं पिचिंग, म्हणजे बॉल टाकणं, दिसावं म्हणून मी फोन कुंपणाला टेकवून ठेवला होता. आठ-दहा बॉल तिने गुपचूप पाहिले आणि मग म्हणाली, "बाप्पा! हे पोट्टी डाव्या हातानं माशा हाकलून राह्यली काय वं?"

लेकीला वऱ्हाडी निम्मीच कळते, पण बोलणं आपल्यावरून चाललंय हे बरोबर कळतं. ती फुगून पाणी प्यायला आत निघून गेली. मी मात्र बादलीवर बसूनच राहिले. दीड वर्ष मी या पोरीचे बॉल पकडतेय आणि दीड वर्ष फक्त तिचा उजवा हात बघतेय, हे तेव्हा लक्षात आलं.

टेक्सासात फ्रिस्कोला आमच्या बॅकयार्डात चाळीस फूट जेमतेम निघतात. बारा वर्षांखालच्या मुलींना पिचरपासून बॅटरच्या होम प्लेटपर्यंत तेवढंच अंतर असतं. पुढे 43 फूट होईल तेव्हा ग्रिल हलवावी लागणार आहे. झाकणावर गादी असलेली बादली उपडी न करता तशीच ठेवायची, त्यावर बसायचं आणि नडगीला शिनगार्ड बांधायचे. इकडे या पदाला 'बकेट डॅड' म्हणतात. आमच्याकडच्या डॅडच्या नडगीवर एकदा बॉल बसला, तेव्हापासून बादली माझ्याकडे आहे. (खेळाचं नाव सॉफ्टबॉल असलं तरी त्या 12 इंची बॉलमध्ये सॉफ्ट काही नाही.)

मी अमरावतीला शाळा-कॉलेजात कॅचर, म्हणजे पिचरचे बॉल पकडणारी, होते, त्यामुळे मला सगळं येतं असा माझा समज होता. आमची पिचर स्लिंगशॉट टाकायची, म्हणजे हात मागे न्यायचा आणि तसाच पुढे आणायचा, पूर्ण गोल नाही. तिचा ग्लव्हचा हात काय करायचा हे मला आज आठवतही नाही. बहुतेक काहीच करत नसावा.

लेक टाकते त्या विंडमिलची, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवायच्या पद्धतीची, गोष्ट वेगळी. दोन्ही हात एकत्र पुढून वर निघतात, ग्लव्ह कॅचरवर रोखलेला आणि बॉल त्याच्याही वर. तोवर उजव्या हाताच्या पिचरचं अंग तिसऱ्या बेसकडे, म्हणजे तिच्या उजवीकडे, उघडलेलं असतं. मग पुढचा डावा पाय टेकतो, आणि तिथून बॉल सुटेपर्यंत जे होतं ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मी फोनवर 240 फ्रेमच्या स्लोमोशनमध्ये मोजलं, पंचवीसेक फ्रेम भरल्या. म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा. तेवढ्यात डाव्या हाताने वरून खाली येऊन, कोपरात दुमडून, बरगड्यांच्या आसपास पोचायचं असतं. आमच्या बाईंचा हात खाली येतच नव्हता. तो ताठच्या ताठ आडवा डावीकडे, पहिल्या बेसकडे जायचा आणि तिथून पाठीमागे. आईच्या माशा त्या याच.

मी तिचा ग्लव्ह किचनच्या काट्यावर ठेवून पाहिला. 610 ग्रॅम. पोरीच्या ताणलेल्या हाताच्या टोकाला सहाशे ग्रॅम भिरकावले की ते खांद्याला सोबत घेऊन जातात. डावा खांदा मागे गेला की कंबरेची उजवी बाजू पुढे येते, आणि तीही बॉलच्या आधी. मग बॉलच्या हाताला जायला वाटच उरत नाही. खरं तर सुटायच्या क्षणी मनगटामागचा भाग कंबरेला नुसता घासून जायला हवा. इथे एक तर तो हाडावर आपटायचा, नाहीतर कंबरेला वळसा घालून अंगावरून आडवा जायचा. आपटला की हातावर काळानिळा डाग. वळसा घातला की बॉल माझ्या उजवीकडे, आणि माझा ग्लव्ह डाव्या हातात! बॉल साधारण अर्ध्या सेकंदात येतो. तेवढ्या वेळात शेहेचाळीस वर्षांच्या बाईने बादलीवरून किती वाकायचं?

आणि मी काय ओरडत होते? "अगं, सरळ सोड ना!" सरळच तर सोडत होती बिचारी. सोडताना अंगच सरळ नव्हतं.

त्याआधी एका कोचने वेगळाच मंत्र दिला होता. ग्लव्ह मांडीवर फाडकन मारायचा, म्हणजे स्पीड वाढतो. आवाज मस्त येतो, पोरींना आवडतो, आयांनाही आवडतो. स्पीड मोजायच्या रडार गनवर फरक शून्य. ताठ हात मांडीपर्यंत हाणायचा म्हणजे पाठ पुढे आणि डावीकडे वाकणारच. महिनाभर तिच्या डाव्या मांडीवर बशीएवढा लाल डाग होता आणि मी त्यावर कैलास जीवन लावत होते. तेव्हाही मला वाटायचं, मेहनत करतेय पोरगी.

यावर उपाय म्हणून कुंपण निघालं. डावी बाजू लाकडी कुंपणापासून हातभर अंतरावर ठेवून उभं राहायचं आणि टाकायचं. ग्लव्ह बाहेर गेला की फळीवर ठक्‌. पहिल्या दिवशी वीस बॉलमध्ये सतरा वेळा ठक्‌. शेजारच्या कुत्र्याला वाटलं आम्ही त्यालाच बोलावतोय. आठवड्याने ठक्‌ थांबलं आणि मी खुश झाले. मग रडार काढला तर ताशी 47 मैलांवरून 44 वर आलेली. फळीच्या भीतीने तिने डावा हात वर न्यायचंच सोडून दिलं होतं. ग्लव्ह पोटाशी धरून टाकत होती, दुखरा हात गळ्यात बांधल्यासारखी. माशा गेल्या, पण हातही गेला.

तेव्हा मला एस्टी आठवली. गेल्या डिसेंबरात आम्ही अमरावतीहून परतवाड्याला गेलो होतो, उभ्याने. लेकीचा एस्टीचा पहिलाच प्रवास, हात ताणून वरचा दांडा धरलेला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि ही त्या हाताभोवती गरकन फिरून एका मावशीच्या पिशवीवर, मेथीवर. मावशी उठल्या, तिचा हात दांड्यावरच ठेवला आणि कोपर धरून अंगाशी आणलं. "अशी उभी राह्य, माय." पुढच्या ब्रेकला ती जागच्या जागी.

"आठवतं?" मी विचारलं. "तुझा पुढचा पाय म्हणजे ब्रेक. पाय टेकला की कोपर अंगाशी. दांडा वरच आहे, तो सोडायचा नाही, फक्त कोपर आणायचं."

"आई, बसमध्ये मी बॉल टाकत नव्हते."

बरोबर आहे. पण मेथी तिला आठवत होती. ती हसली, आणि पुढच्या बॉलला ग्लव्ह माझ्या डोळ्यांसमोर पूर्ण वर आला, पाय टेकताना कोपर दुमडलं. मी हलायच्या आत बॉल माझ्या ग्लव्हमध्ये. दहातले चार तसे आले, बाकीचे सहा जुनेच.

2025 च्या जूनमध्ये आम्ही गाडीने ओक्लाहोमा सिटीला विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेजच्या मुलींची सॉफ्टबॉलची मोठी स्पर्धा, बघायला गेलो होतो. फ्रिस्कोहून तीनेक तासांचा रस्ता. त्या वर्षी टेक्सास युनिव्हर्सिटीने टेक्सास टेक युनिव्हर्सिटीला हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतलं. 2028 च्या ऑलिंपिकचं सॉफ्टबॉलही लॉस एंजेलिसला न होता याच स्टेडियममध्ये आहे. माझ्या भोवती लोक स्ट्राइक मोजत होते आणि मी डावे हात. बॉल सुटल्यावर कुणाचा ग्लव्ह छातीशी, कुणाचा मांडीजवळ, कुणाचा सरळ मागेही. लेकीने लगेच कोपराने ढोसलं, "बघ, तीपण मागे नेते." नेते, पण बॉल गेल्यावर. तोपर्यंत खांदा जागेवर असला की पुढे हाताने काय वाटेल ते करावं. हा फरक तिला पटला की नाही सांगता येत नाही. तिचं सगळं लक्ष नाचोजमध्ये होतं.

परवाच्या टुर्नामेंटमध्ये तीन इनिंग छान गेल्या. चौथीत ती दमली, आणि दमली की सगळ्यात आधी डावा हात दमतो. थ्री अँड टू, म्हणजे तीन बॉल आणि दोन स्ट्राइक, बेसवर दोघी, आणि ग्लव्ह निघाला आडवा. जाळीमागून मला दिसला, पण मॅचमध्ये आयांनी ओरडायचं नाही असा टीमचा नियम आहे. बॉल माझ्या उजव्या अंगाला, चांगला वीतभर बाहेर. बॅटरने बॅट फिरवली आणि हुकली. तिसरा आउट.

गाडीत बसल्यावर मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मला माहितीये. माशा."

सोमवारपासून परत कुंपण. तिसरी फळी सैल झाली आहे आणि खिळे कुठे ठेवलेत ते फक्त नवऱ्याला माहीत आहे.