असईच्या तोफा, २८ मिलिमीटरमध्ये

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेची मोठी हानी केली ती शिंद्यांच्या तोफखान्याने. म्हणूनच २८ मिलिमीटर उंचीच्या धातूच्या सैनिकांतून ती लढाई टेबलावर मांडताना मी पायदळाआधी गोलंदाज रंगवायला घेतले. पितळी तोफेवर काळा प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर), त्यावर पितळी रंग आणि तो वाळल्यावर पातळ तपकिरी हात दिला की रंग खाचांत उतरतो आणि कड्या, पट्ट्या उठून दिसतात. चेहऱ्यांना मात्र घाई चालत नाही. शिंद्यांच्या चाकरीतल्या जर्मन अधिकारी पोलमनच्या कवायती पलटणी शत्रूची नुसती भरती म्हणून रंगवून उरकल्या जातात, हे मला खटकते. संगिनी अंगावर आल्या तरी तोफा न सोडणाऱ्या त्या गोलंदाजांपैकी प्रत्येकाला मी वेगळे पागोटे आणि वेगळी मुद्रा देतो आहे. तोफा ओढणारे बैल त्यानंतर.