पावसाळी सराव: 441, सागरगोटे आणि रिकामे हात

पाऊस लागला तशी चिवल्याच्या किनाऱ्यावरची वाळू सुटली आणि आमचा सर्कसचा वर्ग मालवणातल्या एका शाळेच्या सभागृहात आला. वर पत्रे आहेत. सर आली की उस्तादांचं बोलणं ऐकू येत नाही, नुसते हातवारे बघून शिकायचं. वारा नाही हे एक सुख. किनाऱ्यावर दुपारचे खारे वारे सुटले की हलके चेंडू सरळ वर जातच नाहीत, म्हणून तिकडे सकाळीच जायला लागायचं.

नव्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचे उस्ताद आधी झुल्यावर होते, मग गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून जोकर झाले. त्यांचे उस्ताद थलश्शेरीचे. विष्णुपंत छत्र्यांनी 1880 साली सर्कस काढली ती मुंबईत. पुढे ती केरळातल्या थलश्शेरीला गेली, आणि 1901 मध्ये कीलेरी कुन्हीकन्नन यांनी तिथे सर्कस शिकवायची शाळाच घातली. म्हणजे मीही त्याच घराण्यातली, असं मी घरी सांगत असते. घरी कोणी मनावर घेत नाही.

आता चेंडू. तीन चेंडूंचा साधा कॅस्केड, म्हणजे आळीपाळीने या हातातून त्या हातात फेकणं, गप्पा मारत चालतो, म्हणून 441 धरला. जगलिंगमध्ये फेकींना असे आकडे देतात: आकडा मोठा तितकी फेक उंच, आणि आकड्यांची सरासरी म्हणजे चेंडूंची संख्या. एका हाताने सरळ वर, दुसऱ्या हाताने सरळ वर, आणि मग तिसरा चेंडू आडवा, हातातून हातात. 4, 4 आणि 1 यांची बेरीज 9, भागिले 3, म्हणजे चेंडू तीनच. कागदावर सोपं. प्रत्यक्षात तो 1 जीव खातो, कारण नजर आपोआप त्याच्या मागे खाली येते आणि वरचे दोघे पोरके होतात.

ही गाठ सोडवली आमच्या वर्गातल्या सगळ्यात वयस्क काकींनी. जगलिंग त्यांना माझ्याइतकं येत नाही, पण लहानपणी सागरगोटे खेळून हात तयार आहेत. एक गोटा वर उडवायचा, तो हवेत असेपर्यंत खालचे गोळा करायचे आणि वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोनदोन, मग तीन. या सगळ्यात त्या वर बघतच नाहीत! आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं, की नजर फेकीच्या शेंड्यावर ठेवा, हात आपले आपण येतात. काकींचं नेमकं उलट: नजर जमिनीवर, आणि वरचा गोटा हाताला बरोबर सापडतो. उस्तादांनी ते पाहिलं आणि तो अख्खा वर्ग आम्हाला जमिनीवर फतकल मारून गजगे खेळायला लावले. चिडवाचिडवी, रडीचा डाव, सगळं झालं. पुढच्या वर्गात 441 मधला 1 मी न बघता दिला, आणि तोही सहज. 531 अजून फसतो. तिथे 5 ची उंची आणि 3 ची उंची एकमेकांत मिसळतात.

पाच चेंडूंचं म्हणाल तर फ्लॅश होतो, म्हणजे पाचही एकेकदा फेकून झेलले जातात, पुढे सगळे खाली पडतात. छताची अडचण आहे. एक मीटर वर फेकलेला चेंडू साधारण 0.9 सेकंद हवेत राहतो, अर्धा मीटर फेकला तर 0.64. उंची चौपट करावी तेव्हा वेळ दुप्पट मिळतो. उंची मिळत नसेल तर चेंडू हातात कमी वेळ ठेवायला हवा. गणितज्ञ क्लॉड शॅननच्या जगलिंगच्या समीकरणातूनही हेच निघतं. बोटं काही अजून शॅननचं ऐकत नाहीत.

खांद्यावर उभं राहणं मात्र पक्कं झालं. आमच्यातल्या दोघा गोविंदांना वाटलं होतं हे आपल्याला येतंच. पण इथे पाय खांद्याच्या टोकावर टाकायचे नसतात, मानेच्या मुळाशी घ्यायचे. टाचा खालच्याच्या डोक्यामागे जवळजवळ, नडग्या त्याच्या डोक्याला टेकलेल्या. खालचा पोटऱ्या धरून खाली ओढतो. वरच्याने तोल सावरायला जायचंच नाही, ते काम खालच्याचं. मला हेच जड गेलं, गप्प उभं राहणं.

आणि मग आला जोकरचा तास, ज्याला मी टाळाटाळ करत होते. एकेकाने रिकाम्या हातांनी रिंगणात यायचं, मिनिटभर थांबायचं, आयटम करायचा नाही. बघणाऱ्यांनी कंटाळायचं नाही, एवढी एकच अट. मी लगेच खोटे चेंडू उडवायला लागले, तर उस्ताद म्हणाले, "बाय, हात खिशात घाल." वर्गात एक दशावतारी आहेत, संकासुराचं काम करतात. ते आले, खुर्चीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, परत खुर्चीकडे बघितलं. बस्स. काकींना हसून ठसका लागला. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, समोरच्याचं तोंड बघून बोलायचं असतं. ती सवय इथे दिसली.

तेव्हापासून उस्तादांनी झेल मोजायला बंदी घातली आहे. चेंडू पडला की उचलायची घाई करायची नाही, आधी त्याच्याकडे बघायचं, मग लोकांकडे. मी वैतागले तर म्हणाले, "चेंडू पडलो. तू खंय पडलंस?" आता पडलेल्या चेंडूवर माझे दोन-तीन आयटम तयार झालेत. एकात मी त्याला पायाने गुपचूप खुर्चीखाली ढकलते आणि उरलेल्या दोघांवर काही घडलंच नाही अशा थाटात खेळत राहते. माझ्या कॅस्केडला कधी टाळी मिळाली नाही, याला मिळाली. गंमत म्हणजे हात सैल पडल्यामुळे 441 सुद्धा जास्त वेळ टिकायला लागला.

साहित्याचं: तांदूळ भरलेल्या चेंडूंना आषाढात टोके झाले. आता दुहेरी फुग्यांत नाचणी भरली आहे, प्रत्येकी 120 ग्रॅम, बघू. झुल्याच्या दांड्यावर हात घसरू नये म्हणून लावायची मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड डबा उघडताच ढेकळं होते. गणपतीनंतर क्लब, म्हणजे फेकायच्या बाटलीसारख्या मुद्गली, सुरू करायचे आहेत, संकासुरासोबत सहा क्लबचं पासिंग, म्हणजे एकमेकांकडे फेकणं. दमट हवेत क्लबच्या दांड्याला कोणती पट्टी टिकते? कापडी की रबरी? किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीच सांगा, पुण्याच्या हवेतला अनुभव इथे चालत नाही.