शिजली, पण मऊ झाली का?

ओव्हन वाजला. पडद्यावर १६५ अंश फॅरनहाइट. मी कोंबडी बाहेर काढणार, तेवढ्यात आई म्हणाली, “शिजली हे कळलं. मऊ झाली का, ते कोण सांगणार?”

आणि तिने डावाच्या टोकाने तंगडी दाबून पाहिली. “ताठ आहे अजून. राहू दे थोडा वेळ.”

इथे न्यू जर्सीत आल्यापासून ओव्हनच्या त्या तापमान मोजणाऱ्या सळईवर माझा पूर्ण भरवसा आहे. मांडीच्या जाड भागात खुपसायची, हाडाला टेकू द्यायची नाही, वायर आतल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये. १६५, म्हणजे ७४ सेल्सिअस, हा अमेरिकी कृषी खात्याने कोंबडीसाठी ठरवलेला सुरक्षित आकडा. मुलांच्या ताटात वाढताना तो मला हवाच.

पण आईचंही खरंच आहे. तंगडीतला चिवटपणा १७५ च्या पुढे गेल्यावरच सुटतो. छातीचा भाग मात्र तोवर कोरडा पडायला लागतो, म्हणून मी तंगड्या कापून परत आत ठेवल्या.

आईला यातला एकही आकडा माहीत नाही. तिचं सगळं बोटांत आहे आणि ती पुढच्या महिन्यात परत जाणार. ते बोटांतलं शिकून घ्यायचं कसं? तुमच्याकडे मटण झालं का, हे कोण आणि कसं बघतं?