आभाळ, स्वर्ग आणि सिस्टरचं पत्र

मी नागपूरच्या धरमपेठेत फ्रेंचच्या शिकवण्या घेते आणि भाषांतरं करते. बहुतेक कागद जन्मदाखले, गुणपत्रिका, व्हिसासाठी लागणारी पत्रं असे असतात. त्यात एका शब्दाला एकच अर्थ असतो, शिक्का मारला की काम संपतं. त्यामुळे नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हातल्या, त्या एका दिवसाचं काम अजून डोक्यातून जात नाही.

सकाळी दहालाच रस्ते ओस पडले होते. एक तिशीतला मुलगा प्लास्टिकच्या पिशवीत निळसर कागदाचं पत्र घेऊन आला. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, घड्यांवर विरलेलं. म्हणाला, "मॅडम, आजीनं पाठवलंय. मी मोबाइलवर भाषांतर करून वाचून दाखवलं होतं, पण ती ऐकतच नाही. म्हणते, सिस्टर असं लिहिणारच नाही."

आजी निवृत्त नर्स, वय 87. ज्या फ्रेंच सिस्टरच्या, म्हणजे ननच्या, हाताखाली त्या उमेदवारीच्या काळात शिकल्या, त्या फ्रान्समधल्या आनेसीजवळच्या गावच्या. नागपूरचं आणि आनेसीचं नातं जुनं आहे. आपल्याकडे एसएफएस म्हणून शाळा-कॉलेजला ज्या संत फ्रान्सिस डी सेल्सचं नाव आहे, त्यांचं वास्तव्य आनेसीचं, आणि त्यांच्या नावाचा मिशनरी संघही 1838 मध्ये तिथेच स्थापन झाला. सिस्टर म्हातारपणी मायदेशी परतल्या. एरवी त्या इंग्रजीत लिहायच्या. 1979 चं हे शेवटचं पत्र मात्र फ्रेंचमध्ये होतं. दुखणं वाढलं की माणूस आपल्या भाषेकडे वळतो. त्या वेळी एका फादरनी पत्रावर नजर फिरवून दोन वाक्यांत मतलब सांगितला होता. आता आजींना शब्दन् शब्द हवा होता.

नातवाच्या मोबाइलनं केलेलं भाषांतर मी वाचलं. फार चुकलेलं नव्हतं. फक्त एक शब्द पत्रात तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मोबाइलनं 'आकाश' लिहिलं होतं. तो शब्द 'स्येल'. शेवटची ओळ झाली होती, "आपण आकाशात भेटू."

फ्रेंचमध्ये डोक्यावरचं आकाश आणि देवाघरचा स्वर्ग या दोन्हींना हा एकच शब्द. जर्मनमध्येही तसंच, एकच 'हिमेल'. बायबलच्या मूळ ग्रीकमध्येही तसंच. आजींना पाठ असलेल्या प्रार्थनेत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' असं आपण म्हणतो आणि त्याच अध्यायात पुढे 'आकाशातील पाखरांकडे' पाहायला सांगितलंय. ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द तोच आहे, 'उरानोस'. स्वर्ग कुठला आणि आकाश कुठलं, हे मराठी करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागलं असणार. त्या दिवशी ते मला ठरवायचं होतं.

शेवटची ओळ सोपी होती. फ्रेंच माणूस पक्षी किंवा विमान आकाशात आहे असं सांगताना 'दां ल स्येल' म्हणतो. कुणी 'ओ स्येल' भेटू म्हटलं की तो बहुधा स्वर्ग. सिस्टरनी 'ओ स्येल' लिहिलं होतं. "आपण स्वर्गात भेटू." ती ओळ दुरुस्त करताना मला आजींचा राग समजला. मरणाच्या दारात बसून सिस्टरनी दिलेलं वचन मोबाइलनं नुसतं हवेत नेऊन ठेवलं होतं.

पहिली जागा म्हणजे सिस्टरना नागपूरच्या जूनमधलं काळं स्येल आणि दोरीवरच्या चादरी आठवत होत्या. इथे स्वर्गाचा प्रश्न नव्हता, तरी 'काळं आकाश' मला रुचेना. काळं आकाश रात्रीचंही असतं. नातवाला म्हटलं, मला आजींना भेटायचंय. दुपारी चारला, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, मी गिट्टीखदानकडच्या त्यांच्या घरी पोचले. कूलर घरघरत होता, खिडकीला ओलं पोतं लावलेलं. मी चादरींचं विचारलं मात्र, आजी पलंगावर ताठ बसल्या.

"अवं, वॉर्डाच्या मागं दोऱ्या होत्या. सिस्टरले मराठी कमीच ये. पण ढग दिसले का व्हरांड्यातून वरडे, 'आभाळ आलं, चादरी काढा!' आमी साऱ्याजनी धावो."

शब्द सिस्टरचाच होता. मी 'आकाश' खोडून 'आभाळ' लिहिलं. आपल्याकडे आभाळ येतं, भरतं, फाटतं. 'आकाश आलं' असं कोणी म्हणत नाही. आभाळ संस्कृतातल्या 'अभ्र'वरून, म्हणजे ढगावरून आलं. निरभ्र म्हणताना आपण तोच ढग बाजूला करतो. इंग्रजीतल्या 'स्काय'चं कुळही असंच आहे. जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ ढग. इंग्रजीतही आधी एकाच 'हेवन'वर दोन्ही अर्थांचं ओझं होतं. पुढे हा ढगातून आलेला शब्द रोजच्या आकाशावर बसला आणि देवाघरासाठी 'हेवन' उरला. आपल्या 'स्वर्ग'च्या आत मात्र ढग नाही. त्यात 'स्वर्' आहे, 'भूर्भुवः स्वः'मधला, प्रकाशाचा. एक शब्द पावसाकडे ओढतो, दुसरा उजेडाकडे. नवतप्यात बसून जूनच्या ढगांची वाट पाहणाऱ्या नागपूरकराला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

राहिली मधली जागा. तिनं माझा जीव काढला.

वाक्य असं होतं: रोज संध्याकाळी मी स्येलकडे डोळे उचलते आणि तुझं नाव घेते. सिस्टर प्रार्थनेत आजींचं नाव घेत होत्या, की खिडकीतून आनेसीच्या तळ्यावरचे ढग पाहून त्यांना आजींची आठवण येत होती? स्वर्ग म्हणायचं असेल तर फ्रेंचमध्ये पुष्कळजण 'स्येल'चं पहिलं अक्षर, 'सी', कॅपिटल काढतात. मी भिंग घेतलं, पट्टी घेतली. पत्राच्या सुरुवातीच्या 'शेर', म्हणजे 'प्रिय', या शब्दातला कॅपिटल 'सी' सहा मिलिमीटर उंच, वरच्या टोकाला बारीक आकडा. ओळींमधले लहान 'सी' जेमतेम दोन मिलिमीटर. आणि हा 'सी' चार मिलिमीटरचा! आकड्याच्या जागी शाईचा ठिपका. हात थरथरला असेल, किंवा मोठा काढता काढता त्या थांबल्या असतील. मी तो ठिपका खिडकीच्या उजेडात धरून कितीदा पाहिला असेल. आणि समजा तो कॅपिटल निघाला असता, तरी देवनागरीत मोठं अक्षर आणायचं कुठून?

'आकाशाकडे' लिहिलं तर सिस्टरची प्रार्थना हिरावल्यासारखं होत होतं. 'स्वर्गाकडे' लिहिलं तर तळं, खिडकी, ढग, सगळं जात होतं. आणि या दोघींचं नातं तर चादरी आणि प्रार्थना दोन्हींतून विणलेलं. मी कागदावर दोन्ही वाक्यं लिहून पाहिली. दोन्ही खोटी वाटली.

तेवढ्यात आजी सुनेला सांगत होत्या, आमच्यातली आता मीच उरले, बाकी साऱ्याजनी वर गेल्या.

वर. गच्ची वर असते, ढग वर असतात, गेलेली माणसं वर असतात, आणि ज्याला सगळं दिसतं तो 'वरचा'. स्येलचे दोन्ही अर्थ पोटात ठेवणारा शब्द आपल्याकडे होता आणि मी तो जड शब्दांत शोधत बसले होते. मी लिहिलं, "रोज संध्याकाळी मी वर पाहते आणि तुझं नाव घेते."

सगळं पत्र वाचून दाखवलं. त्या ओळीला आजींनी हात वर करून थांबवलं. "वर म्हंजे कोठी?"

खरं ते सांगितलं. अक्षर ना लहान आहे ना मोठं. आभाळही असेल, स्वर्गही असेल, मी ठरवू शकले नाही. आजींनी पत्र मागून घेतलं. भिंगाखाली तो 'सी' शोधून द्यायला लावला, त्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसल्या. कूलरचं पाणी संपून मोटर कोरडी वाजायला लागली, नातू उठून बादली भरायला गेला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वरच ठेव."

मग म्हणाल्या, छापलेलं मला वाचवत नाही, तूच हातानं लिहून दे, मोठ्या अक्षरात. मी तिथेच टेबलाशी बसून जाड काळ्या पेनानं सगळं पत्र पुन्हा लिहिलं. चार पानं झाली.