रविवारच्या माउंटन बाइक रेसआधीचे तीन दिवस

गुरुवार
टायर आजच. शनिवारी सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं, भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरलं आणि रिमच्या कडेतून रात्रभर हवा गेली, तर सकाळी नुसती धावपळ. लॅटेक्सचं सीलंट आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत वाळतं आणि आत रबराच्या गोळ्या उरतात. हवा सोडायची, व्हॉल्व्हची कोअर (आतला बारीक खिळा) काढायची, व्हॉल्व्ह खाली आणून बारीक केबल टाय आत घालायचा. टोक कोरडं निघालं की सीलंट वाळलं असं समजायचं. २९ बाय २.३ इंचाच्या टायरला साधारण १०० मिली लागतं. भरल्यावर चाक फिरवून दोन्ही अंगांवर थोडा थोडा वेळ आडवं ठेवायचं.

बेळगावकडे येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे किंवा जांबोटीच्या रानात टायर काट्यापेक्षा जांभ्याच्या धारदार खड्यांनी जास्त फाटतो, तोही बगलेत. तिथे सीलंट टिकत नाही, प्लगही (भोकात खोचायची रबरी पट्टी) निसटतो. खोगीराखालच्या पिशवीत एक ट्यूब हवीच, शिवाय जुन्या टायरचा बोटभर तुकडा. फाटलेल्या जागी तो आतून लावला नाही तर ट्यूब भोकातून फुगा काढते.

शुक्रवार
ब्रेक पॅड. शिमानो कंपनीच्या पॅडचं अस्तर ०.५ मिमीवर आलं की बदलायचं असं त्यांच्या पुस्तकात आहे. एक मिमी दिसलं तरी आज बदलावं, कारण नवे पॅड बसवायला वीसेक वेळा वेगात येऊन, चाक लॉक न करता ब्रेक दाबावा लागतो. ते रेसच्या पहिल्या उतारावर करायचं काम नव्हे. लिव्हर मऊ लागत असेल तर ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढणं. शिमानोत मिनरल ऑइलच. डॉट फ्लुइड (गाड्यांचं ब्रेक ऑइल) गेलं की सील फुगतात.

चेनला तेल देताना मागचं चाक काढूनच ठेवावं. स्प्रेचा एक शिंतोडा डिस्कवर उडाला की पॅड वाया! दर रोलरला एक थेंब, दहा मिनिटं थांबून फडक्याने कोरडं पुसायचं. ओल्या चेनवर लाल धूळ बसून घासणीची पेस्ट होते. गिअर आपोआप उड्या मारत असेल तर केबल पिळत बसण्याआधी मागून हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) बघावा; सायकल उजवीकडे पडली की तोच वाकतो.

शनिवार
पाऊण तास हलकं चालवणं, मध्ये मिनिटभराचे तीन-चार जोरकस चढ. आता पायात नवी ताकद येत नाही, थकवा मात्र येतो. जेवणात भात, पातळ आमटी. भाकरी-उसळ आणि कुंदा रेसनंतर.

हवा ७० किलोच्या माणसाला पुढे २२, मागे २४ पीएसआय. सुट्या मुरमावर दोन पीएसआय जास्त झाले तरी पुढचं चाक वळणात घसरतं. संध्याकाळी २८ अंशांत भरलेली हवा पहाटे १६ अंशांत एक-दीड पीएसआयने उतरते, म्हणून शेवटचं मोजमाप स्टार्टलाच, आणि रोजच्याच गेजने. दोन गेज सहसा जुळत नाहीत.