सात फेऱ्या, सात खेपा, ४९ खडे

आषाढी जवळ आली की मराठवाड्यातल्या रस्त्यांवर दिंड्या दिसू लागतात आणि ओळखीचा एखादा वारकरी विचारतोच, "हाजीसाब, तुमच्या वारीत चालणं किती?" पैठणहून निघालेली पालखी सरळ पंढरीकडं जाते. आमच्या हजचं, म्हणजे मक्केच्या यात्रेचं, चालणं पाच-सहा दिवसांत उरकतं, पण त्यातलं निम्मं गोल आणि येरझाऱ्यांचं. पाय त्यानंच जास्त दुखतात.

आमचे महिने चांद्र, पण त्यात अधिक महिना नाही. वर्ष ३५४ दिवसांचं. त्यामुळं जिलहिज्जा महिन्याची ८ तारीख, म्हणजे हजचा पहिला दिवस, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. कुणाचा हज थंडीत होतो, कुणाचा भर उन्हाळ्यात. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा पन्नाशीच्या वर गेला आणि तेराशेवर माणसं दगावली. परभणीचं मे महिन्यातलं ऊन सोसलंय म्हणून कुणी छाती काढू नये. तिथं झाडाची सावली फारशी नाही. जायच्या आधी तीन महिने रोज पाच-सहा किलोमीटर चालावं. दौलताबादहून खुलताबादला चढणारा घाट सरावाला चांगला.

कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज ही इस्लामची पाच अंगं. हज आयुष्यात एकदाच फर्ज, म्हणजे सक्तीचा, तोही ज्याच्या अंगात ताकद आणि गाठीला पैसा आहे त्याच्यावर. कर्ज काढून जाऊ नये. उलट निघण्याआधी देणी फेडायची, ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्या दारी जाऊन 'कहा-सुना माफ' म्हणायचं. काहींना मक्केपेक्षा ते दार लांब पडतं.

एहराम म्हणजे हजचा पोशाख, पुरुषांसाठी दोन बिनशिलाईची पांढरी वस्त्रं. एक कमरेला, एक खांद्यावर. बायका नेहमीच्याच कपड्यात, फक्त चेहरा उघडा. एहरामात अत्तर, नखं-केस कापणं, शिकार, भांडण सगळं बंद. पुरुषानं डोकं झाकायचं नाही, पण छत्री चालते. टॉवेलसारखं जाड कापड घेऊ नका, घामानं जड होतं. मांड्या घासून सोलवटतात, ही पहिली तक्रार. बिनवासाचं व्हॅसलीन आधीच लावावं. विमानात मीकातची, म्हणजे एहरामशिवाय ओलांडायची नाही त्या हद्दीची, घोषणा होते. त्याआधी नीयत म्हणजे संकल्प करून 'लब्बैक' (मी हजर आहे) म्हणायला हवं. एहरामची वस्त्रं सामानाच्या बॅगेत गेली आणि माणूस शर्ट-पँटमध्ये बसला, असं दरवर्षी घडतं.

तवाफ म्हणजे काबा या मक्केच्या मशिदीतल्या चौकोनी वास्तूभोवती सात फेऱ्या, काबा डाव्या हाताला ठेवून. तुमच्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट. वजू, म्हणजे हात-पाय-तोंड धुऊन शुद्ध होणं, असावीच लागते. सुरुवात काळ्या दगडाच्या कोपऱ्यापासून; समोरच्या भिंतीवरचा हिरवा दिवा बघून ओळ धरायची. दगडाला हात लावायला रेटारेटी करू नका, लांबून हात उंचावला तरी पुरतं. इथंच लोकांचा गैरसमज असतो की आम्ही काब्याला पुजतो. काबा नमाजची दिशा आहे; मराठवाड्यातून ती पश्चिमेला, किंचित उत्तरेकडं. दुसरे खलिफा हजरत उमर त्या दगडाला म्हणाले होते की तू दगड आहेस, तुझ्यानं ना नफा ना नुकसान. पैगंबरांनी चुंबन घेतलं म्हणून मी घेतो. अल्लाह एक, त्याला रूप नाही, मूल नाही. मुहंमद पैगंबर त्याचे शेवटचे प्रेषित, देव नव्हेत. इब्राहिम, मूसा, ईसा हेही प्रेषितच. आणि हजचे बहुतेक विधी तर इब्राहिमच्या घरातल्या आठवणी आहेत.

सई ही त्यातलीच. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत आई हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये धावली. त्या सात खेपा. एक खेप साधारण साडेचारशे मीटर, सगळ्या मिळून तीन किलोमीटरच्या थोडं वर. मोजण्यात घोळ होतो. सफा ते मरवा ही एक, परत येणं ही दुसरी. जाऊन-येऊन एक धरणारे चौदा खेपा घालतात आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणावरून उठत नाहीत. सातवी नेहमी मरवावर संपते. तुम्ही सफावर उभे असाल तर हिशेब चुकलाय. सात मण्यांचा दोरा हातात ठेवा. हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुषांनी जरा पळायचं, बायकांनी नाही.

८ तारखेला मिना, मक्केपासून सात-आठ किलोमीटर. तंबू सगळे एकसारखे, वाट चुकणं ठरलेलं. तंबूच्या नंबराचा आणि जवळच्या खांबाचा फोटो काढून ठेवा.

९ तारखेचं अराफातचं मैदान म्हणजे हजचा जीव. बाकी बरंच काही चुकलं तर भरपाई आहे, ही हजेरी चुकली तर हजच नाही. दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत तिथं थांबायचं, दुआ मागायची. पण जागा बघून थांबा. नमिरा मशिदीचा पुढचा भाग अराफातच्या हद्दीबाहेर आहे. सावली मिळाली म्हणून नमाजनंतर तिथंच दिवस काढला तर सगळं पाण्यात. हद्दीचे मोठे फलक असतात, ते वाचल्याशिवाय बूड टेकू नये.

सूर्य मावळल्यावर मुजदलिफा या मुक्कामी जायचं. मगरिब आणि इशा, संध्याकाळची आणि रात्रीची नमाज, एकत्र, रात्र उघड्यावर, जमिनीवर. पुढचे बसले म्हणून मागचे बसतात आणि शे-दोनशे जण हद्दीच्या अलीकडंच झोपतात. इथंही फलक बघा. मिनात परतल्यावर सैतानाच्या नावाच्या तीन खांबांवर मारायचे खडे इथंच वेचायचे, हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे. १० तारखेला ७, मग ११ आणि १२ ला २१-२१, एकूण ४९. १३ ला थांबलात तर ७०. चार-पाच जास्त घ्या, कारण खांबाभोवतीच्या कुंडात न पडलेला खडा मोजत नाहीत. काही जण रागानं चप्पल भिरकावतात. त्यानं काही होत नाही, अनवाणी परतावं मात्र लागतं. तो खांब सैतान नव्हे, इब्राहिमनं त्याला हाकललं त्या जागेची खूण. २००४ नंतर खांबांच्या जागी लांब भिंती आल्या.

मग कुर्बानी, पुरुषांचं मुंडण किंवा केस कापणं, बायकांची बोटाच्या पेराएवढी बट, आणि मक्केत येऊन तवाफ-ए-जियारत. हा फर्ज आहे. पाळी आलेली बाई हजचं बाकी सगळं करू शकते, तवाफ तेवढा थांबवायचा. म्हणून परतीची तारीख ठरवताना दोन-चार दिवस हाताशी ठेवावेत. निघताना आणखी एक, निरोपाचा तवाफ. तेव्हा पाळी सुरू असेल तर तो तिला माफ. ती सामान घेऊन सरळ बसमध्ये बसते.