एच-वन रजिस्टरमध्ये मधेच थांबलेली नावं

नाशिकच्या सिडकोत आमचं मेडिकल आहे. लायसन्सवर नाव माझं आणि काउंटरवरही बहुतेक वेळ मीच असते. दुपारी अडीचच्या सुमारास, अंबडच्या कंपन्यांची पाळी सुटायच्या आधी, दुकान शांत असतं. २०२५ च्या पावसाळ्यात अशाच एका दुपारी पन्नाशीचे एक गृहस्थ आले. आधीचं गिऱ्हाईक जाईपर्यंत ते पायरीवरच उभे राहिले. मग खिशातून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली.

"ताई, एवढं औषध द्या. अन् नाव दुसरं लिहिलं तर चालेल का?"

चिठ्ठी बावीस वर्षांच्या मुलीची होती. वजन ४४ किलो. चार औषधं एकत्र असलेली टीबीची गोळी, रोज तीन, सकाळी उपाशीपोटी, पंधरा दिवसांसाठी. मी म्हटलं, "काका, नाव खरंच लिहावं लागतं. मुलगी तुमची का?" ते हो म्हणाले आणि जरा थांबून हळूच बोलले, "तिच्या सोयरिकीचं चाललंय. दिंडोरीकडचं स्थळ आहे."

ज्या औषधांच्या पट्टीवर डाव्या कोपऱ्यात लाल आरएक्स आणि लाल चौकटीत सूचना असते, ती औषध नियमांतल्या एच-वन यादीतली. मार्च २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. ते तीन वर्षं जपायचं असतं. टीबीची औषधं त्यात येतात. मी मुलीचं नाव लिहिलं, गोळ्या मोजून दिल्या. लघवी केशरी होईल, घाबरू नका, हेही सांगितलं. काका गेले.

पण रजिस्टरमध्ये लिहून माझं काम संपत नव्हतं, आणि हे मला माहीत होतं. टीबीचा पेशंट सरकारला कळवणं डॉक्टर, दवाखाने आणि लॅबना ७ मे २०१२ च्या आदेशाने बंधनकारक झालं. १६ मार्च २०१८ च्या राजपत्राने औषध दुकानदारही त्यात आले. न कळवल्यास तेव्हाच्या दंडविधानाची कलमं २६९ आणि २७० लागू होत होती, आता भारतीय न्याय संहितेत तीच २७१ आणि २७२ आहेत. असोसिएशनच्या बैठकीत हे ऐकलं होतं. तरी मी कळवत नव्हते. डॉक्टर कळवत असतील, असं धरून चालले होते.

त्या रात्री शटर अर्धं ओढून मी जुनं रजिस्टर काढलं आणि टीबीच्या औषधांपुढे पेन्सिलने खुणा करत गेले. टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. म्हणजे एक नाव पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने पुन्हा पुन्हा दिसायला हवं. काही दिसत होती. काही दुसऱ्या महिन्यानंतर एकदम थांबली होती. एक नाव तर तीनदाच होतं. ही माणसं गावी गेली असतील, दुसऱ्या दुकानातून औषध घेत असतील, सरकारी दवाखान्यात गेली असतील. पण खोकला थांबला, वजन दोन किलो वाढलं की माणूस गोळ्या सोडतो, हे काउंटरवर उभं राहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. आणि अर्धवट सोडलेल्या टीबीवर पुढे हीच औषधं चालेनाशी होण्याची भीती असते. मधेच थांबलेली अशी नावं पाच झाली. पाचही पेशंट मी कुठेच कळवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठीवरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अजून कळवलेलं नाही. पेशंटचे वडील नको म्हणाले. तुम्ही कशाला पडता यात?" मी एवढंच म्हटलं की सर, मलाही कळवावंच लागतं. तुम्ही केलंत तर उत्तम, नाहीतर मी करते. दोघांनी केलं तरी अडचण नसते, कारण निक्षय या टीबी पेशंटच्या सरकारी पोर्टलवर तशाच नावाची आणि मोबाइल नंबरची नोंद आधीची असेल तर ती समोर येते.

मग पेशंट कळवायचा फॉर्म शोधायला निघाले. पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का? मग नाही चालणार." राजपत्राची प्रत पर्समध्ये होती, तीही दाखवली, पण त्यांनी पाहिली नाही. वाद घातला नाही. गोळे कॉलनीत होलसेलला माल घ्यायचाच होता, तिथे उभ्या उभ्या १८००-११-६६६६ हा निक्षयचा टोल फ्री नंबर लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं की फार्मसीलाही पोर्टलवर नोंद करता येते आणि शहराच्या क्षयरोग विभागाला कळवता येतं. हा फोन मी आठवडाभर आधी करायला हवा होता, वर्षभर आधी तर नक्कीच.

दुकानाची नोंद मी त्याच संध्याकाळी भरली: नाव, पत्ता, मोबाइल. मंजुरी येईपर्यंत थांबायचं नव्हतं, म्हणून महापालिकेच्या क्षयरोग विभागात फॉर्म कागदावर भरून दिला. तिथल्या उपचार पर्यवेक्षकांनी चिठ्ठीची झेरॉक्स ठेवून घेतली, माझ्या प्रतीवर शिक्का मारला. दहा मिनिटांत काम झालं.

मात्र त्याआधी मी काकांना फोन केला होता. आधी सांगायचं आणि मग कळवायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. लपून कळवलं असतं तर उद्या ते औषधाला माझ्याकडे आलेच नसते, आणि दुसरीकडे तरी गेले असते की नाही कोण जाणे.

काका चिडले. "गल्लीत सरकारी माणूस आला की झालं! चार लोक विचारतील. आणि तुम्हाला याचे पैसे मिळतात म्हणे?"

मी खरं ते सांगितलं. नोंदणीसाठी खासगी डॉक्टर आणि मेडिकलवाल्यांना ५०० रुपयांची तरतूद आहे. तेही सांगितलं की नोंद झाली की सरकारी गोळ्या फुकट मिळतात, म्हणजे माझ्या दुकानातून तुमची खरेदी बंद होईल. मुलीला उपचार चालू असेपर्यंत खात्यावर दरमहा १००० रुपये पोषणासाठी येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे १००० झाले आहेत. काका गप्प झाले. मग विचारलं, "घरी येणारच का?" मी म्हटलं, "बोलून बघते. माझ्या दुकानात भेटतील का विचारते."

क्षयरोग विभागाची आरोग्य सेविका खरोखरच दुकानात आली, तिसऱ्या दिवशी, साध्या साडीत, हातात साधी कापडी पिशवी. ती मुलीशी काउंटरच्या आत स्टुलावर बसून बोलली. मुलगी तोंडाला ओढणी बांधूनच आली होती. सेविकेचा पहिला प्रश्न होता, "थुंकी तपासली का?" तपासलीच नव्हती. एक्स-रेवर उपचार चालू झाले होते. म्हणजे रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. सेविकेने डबी दिली, सकाळी उठल्यावर आधी चूळ भरायची आणि मग खोलवरून खोकून बेडका काढायचा, नुसती लाळ नको, हे स्वतः करून दाखवलं. सीबीनॅट या थुंकीच्या तपासणीचा रिपोर्ट आला: टीबी आहे, पण रिफाम्पिसिनला दाद देणारा. त्या दिवशी मी दुकानात देवाला उदबत्ती लावली. साखर आणि एचआयव्हीची तपासणीही झाली, ती प्रत्येक टीबी पेशंटची करतात. मुलीला निक्षयवरचा तिचा नोंदणी नंबर मिळाला.

घरात आजी आणि धाकटा भाऊ होते. दोघांचीही तपासणी झाली. भावाचा एक्स-रे ठीक निघाला. लागण झाली असेल तरी पुढे आजार होऊ नये म्हणून त्याला प्रतिबंधक औषध सुरू झालं, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. आजीला ते झेपेल का, हे ठरवायला डॉक्टरांनी आधी लिव्हरच्या तपासण्या मागितल्या. माझ्या रजिस्टरात फक्त एका मुलीचं नाव होतं, तिच्यामागे उभ्या असलेल्या दोघांचं मला काहीच कळणार नव्हतं.

स्थळाचं काय झालं, हे मी विचारलं नाही. चौथ्या महिन्यात मुलगी एकटीच आली. ओढणी खांद्यावर होती. लोहाची गोळी घेतली आणि म्हणाली, "ताई, ५१ किलो झाले. गोळ्या तीनच्या चार झाल्या, तरी घेते." वजन ५० च्या वर गेलं की डोस वाढतो. ते तिलाच समजावून देताना किती बरं वाटलं!

मधल्या काळात पेन्सिलच्या पाच नावांना फोन लावले. दोघांनी कोर्स पूर्ण केल्याचं सांगितलं, एकाने सरकारी दवाखान्याचं कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवलं. एक नंबर बंद होता. उरलेल्या एका माणसाने फोन उचलला आणि बोलता बोलता खोकला आला म्हणून ठेवून दिला. त्याचं नाव-गाव मी त्याच दिवशी क्षयरोग विभागाला दिलं. तो निफाडकडे द्राक्षबागेत कामाला गेला होता, म्हणून त्यांनी ते जिल्ह्याच्या विभागाकडे पाठवलं. तिकडचा कर्मचारी बागेत जाऊन भेटला, एवढं मला नंतर कळलं.

रजिस्टरमध्ये मी आता पट्टीने एक जास्तीचा रकाना आखते. त्यावर लिहिते, 'पुढची तारीख'. आज गुरुवार. आजच्या तारखेला तीन नावं आहेत. दोघं येऊन गेले. तिसऱ्याची वाट साडेनऊपर्यंत पाहीन, नाही आला तर शटर ओढण्याआधी फोन करायचा आहे.